प्रतिमेच्या अध्यक्षतेखाली

तुमच्या शेजारच्या बाकावर बसणारी, तुमच्याच वहीतून निबंध उतरवून घेणारी मुलगी एक दिवस गाडीतून उतरली आणि तहसीलच्या साहेबांनी उठून तिला खुर्ची दिली, तर तुमच्या पोटात काय होईल? खरं सांगा. अभिमान, कौतुक हे शब्द बाजूला ठेवा, ते सत्काराच्या भाषणात वापरायचे असतात. माझ्या पोटात आग पडली. चार वर्षं ती आग मी तत्त्वाच्या नावाखाली जपली, तिला पत्रकांचं सरपण घातलं, आणि त्या धुरात आमच्या गावातल्या बावीस मुलींची अभ्यासाला बसायची जागा जवळजवळ गेली. "जवळजवळ" हा शब्द मी मला बरं वाटावं म्हणून लिहिला आहे.

आमचं गाव आसेगावच्या बाजूला, मंगरूळपीर तालुक्यात. बाबा शाळेत शिपाई होते. आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. दसऱ्याला बाबा नागपूरला जात आणि येताना पिशवीभर पत्रकं घेऊन येत. मोर्च्याची, सभेची, शिष्यवृत्ती अडली त्याची, विहिरीवरच्या भांडणाची. ती पिठाच्या जुन्या डब्यांत विषयवार लावलेली असत. पहिलीच्या पुस्तकाआधी मी "जाहीर आवाहन" वाचायला शिकले. चिवडा पत्रकावर घेतलेला बाबांना चालत नसे. "कोणीतरी पोटाले चिमटा घेऊन छापलं हाये ते," असं म्हणत, आणि मग आम्ही चिवडा तळहातावर घेऊन खायचो.

ती मुलगी देवळाच्या गल्लीतली. तीन एकर कोरडवाहू, घरात पाच माणसं आणि पुस्तक उघडलं की लगेच कुणीतरी काम सांगणार. म्हणून ती आमच्या वाचनालयात येऊन बसायची. सातवीत तिनं माझा निबंध उतरवला, शेवटची एक ओळ बदलली आणि माझ्यापेक्षा एक गुण जास्त मिळवला. त्या एका गुणाचा हिशोब मी अजून मिटवलेला नाही.

हे वाचनालय सात जणांनी काढलं होतं. दोन शेतमजूर, एक मास्तर, एक टेलर, एक ग्रामपंचायतीतले, माझे बाबा आणि अध्यक्ष आबा. आबा टपाल खात्यात होते. आयुष्यभर सायकलवरून आजूबाजूच्या गावांत पत्रं वाटली आणि निवृत्त झाल्यावर म्हणाले, लोकाईच्या घरी पत्र नेऊन देलं, आता वाचाले शिकवू. संस्था रीतसर नोंदली. नोंदणीचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. बसथांब्याजवळच्या खताच्या दुकानदारानं दुकानामागची लांबट खोली फुकट वापरायला दिली. पुढं वाचनालयाची अभ्यासिका झाली. पोलीस भरती, नर्सिंग, तलाठी अशा परीक्षांना बसणाऱ्या मुली तिथं येऊ लागल्या, कारण घरी मुलगी शांत बसली की तिच्या हातात निवडायला तांदूळ दिले जातात.

मग सातांतले एकेक जण गेले. आधी टेलर, मग मास्तर, मग आबा, मग शेतमजुरांतले एक. प्रत्येकाचा फोटो भिंतीवर आला. पण दारावरच्या सात नावांच्या पाटीवरून नाव कुणी पुसलं नाही. आमच्याकडची रीत अशी, की गेलेल्या माणसाला सभेतून उठवायचं नाही. वार्षिक सभेला आबांचा फोटो खुर्चीवर ठेवायचा, समोर मेणबत्ती आणि फुलं, वंदना म्हणायची आणि मग बाबा इतिवृत्ताच्या वहीत आपल्या सुंदर अक्षरात लिहायचे: "आजची सभा अध्यक्ष कालकथित आबा यांच्या प्रतिमेच्या अध्यक्षतेखाली पार पडली. उपस्थिती सात." सात म्हणजे तीन माणसं आणि चार फोटो. कॉलेज संपवून वाशिमहून परत आले आणि अभ्यासिकेचं काम मी हातात घेतलं, तेव्हा ही वही वाचून माझे डोळे भरून आले होते. यात काही चुकतं आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

ती मात्र तेव्हा चक्की चालवत होती. हळद आणि तिखट दळायचं, पाकिटं भरायची, पोहरादेवीच्या यात्रेत स्टॉल लावायचा. मानोऱ्याच्या बाजूच्या दोन वसतिगृहांनी माल मागितला, पण पक्कं बिल पाहिजे म्हणाले, म्हणून तिनं जीएसटीचा नंबर काढला. एकदा मी चक्कीवर गेले तर ही पोत्यावर बसून मोबाईलवर बोटं चालवत होती.

"काय करून राह्यली वं?"

"रिटर्न भरून राह्यली."

"या महिन्यात तर तुयी चक्की बंद होती. मोटार जळली होती ना?"

"म्हून शून्याचं भरून राह्यली."

"काही विकलंच नाही, तर सांगायचं कायले?"

"विकलं नाही हे त्याईले कोण सांगन? तू?"

मी हसले. अभ्यासिकेत येऊन मुलींनाही हसवलं. म्हटलं, पाहा, आता आपल्याकडं काही नाही हेसुद्धा सरकारला दर महिन्याला कळवावं लागतं. टाळ्या पडल्या. टाळ्या मला लवकर चढतात.

चार वर्षांपूर्वी तिनं सहा बायका गोळा करून स्वतःची संस्था काढली. शिवणकाम शिकवायची. पहिल्याच वर्षी संस्थेच्या नावाचं पॅन, बँकेत खातं, सीएकडून ऑडिट. मग आयकर खात्याकडं दोन नोंदण्या, बारा-ए आणि ऐंशी-जी. पहिलीमुळं संस्थेच्या उत्पन्नावर कर लागत नाही, दुसरीमुळं देणगी देणाऱ्याला त्याच्या करात सूट मिळते, हे आज मी झोपेत सांगेन. तेव्हा मी त्याला "कागदी घोडे" म्हणत होते. तिची एक निळी फाईल होती, तिच्यात रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. कोणताही कागद मागा, तिचं बोट त्या रंगावर. त्या फाईलचा मला इतका राग यायचा की एकदा ती तिच्या टेबलावर उघडी पडलेली असताना मी मुद्दाम चहाचा कप तिच्याजवळ ठेवला. सांडला नाही. पण मी ठेवला होता.

मला कशाकशाचा हेवा वाटला, ते लिहायला बसले तर कागद पुरणार नाही. तिला साहेब लोक "मॅडम" म्हणायचे याचा. मला "ताई" म्हणायचे आणि माझ्याशी बोलताना घड्याळ पाहायचे याचा. तिच्याकडच्या खुर्च्या एका रंगाच्या होत्या याचा. ती भाषण वाईट करायची, तरी लोक तिलाच बोलवायचे याचा. सगळ्यांत जास्त याचा, की तिला एकाही माणसाशी भांडावं लागत नव्हतं. मी निवेदनं देत होते, धरणं धरत होते, आणि माझ्या मुली फाटक्या सतरंजीवर बसत होत्या. तिनं अर्ज केला की पंखे यायचे.

मी स्वतःला सांगितलं, ती विकली गेली आहे. हे सांगणं फार सोपं असतं. पत्रकांवर वाढलेल्या माणसाकडं यासाठी तयार वाक्यं असतात.

गेल्या होळीनंतर खताच्या दुकानाच्या आताच्या मालकानं मला बोलावलं. माणूस वाईट नाही. त्याच्या वडिलांनी दिलेला शब्द त्यानं इतकी वर्षं पाळला होता.

"पोरी, माल ठेवाले जागा नाही मायाजवळ. दिवाळीपर्यंत खोली खाली करून दे."

"अन् मुली कुठी बसतीन, काका?"

"ग्रामपंचायतीनं तुमाले प्लॉट देला ना? बांधा ना मग तिथी."

प्लॉट खरंच होता. त्यावर बाभळी होत्या. खोली बांधायची तर पैसा हवा, आणि नेमकं त्याच महिन्यात कळलं की माळरानावर सौर प्रकल्प उभारणारी कंपनी आपल्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठी बाजूला काढायच्या पैशातून, तालुक्यातल्या एका संस्थेला एक खोली बांधून देणार आहे. एका संस्थेला. एक खोली. अर्ज दोनच आले, माझा आणि तिचा.

तिच्याकडं आधीच एक शेड होती. तिला मोठी जागा हवी होती. माझ्या मुलींकडं दिवाळीनंतर काहीच राहणार नव्हतं. कोणाची गरज मोठी, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. असं मला वाटत होतं.

मुलाखतीला मी वाशिमला एसटीनं गेले. कागदपत्रं आणा असं सांगितलं होतं, म्हणून भिंतीवरची काचेची चौकट काढून, चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन गेले. कंडक्टर म्हणाला, "कोणाचा फोटो हाये ताई? सोयरिकीले चालल्या काय?" कंपनीचा अधिकारी माझ्याच वयाचा, पुण्याकडचा. त्यानं चौकटीवरची धूळ रुमालानं पुसली आणि प्रमाणपत्र नीट वाचलं.

"छान. आणि धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा ताजा उतारा?"

"म्हणजे?"

"सध्याचे विश्वस्त कोण आहेत त्याचा. आणि तीन वर्षांचं ऑडिट, बारा-ए..."

"आमचं उत्पन्नच नाही, साहेब. मग रिटर्न कशाचं आणि ऑडिट कशाचं? आम्ही देणगीसुद्धा घेत नाही. पुस्तकं लोक देतात, झाडू मुली मारतात."

तो ओशाळला. "ताई, तुमचं काम चांगलं आहे. मला दिसतंय. पण ज्या संस्थेचं कागदावर काहीच नाही, तिला मी पैसे कसे देऊ? उद्या मला विचारतील."

मी त्याला पंधरा मिनिटं भाषण दिलं. शोषण, भांडवल, माळरान कोणाचं होतं, सगळं. त्यानं शांतपणे ऐकलं, पाणी दिलं आणि पंधरा दिवसांनी खोली तिला मंजूर केली.

त्या आठवड्यात मी आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं पत्रक लिहिलं. मथळा होता "सेवा की सौदा?" तिचं नाव कुठंही नव्हतं, पण आसेगावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईलाही कळलं असतं ते कोणाबद्दल आहे. कंपनीच्या दारात गावाची अब्रू गहाण, शिवणयंत्राच्या आवाजात गरिबांच्या मुलींचा आवाज दाबला, अशी वाक्यं होती. आणि एक वाक्य असं, की अधिकाऱ्यांना चहा पाजून मंजुरी मिळवली गेली. हे मी पाहिलं नव्हतं. मला कुणी सांगितलंही नव्हतं. ते मला हवं होतं म्हणून मी लिहिलं. दोनशे झेरॉक्स काढल्या आणि बाजाराच्या दिवशी स्वतः उभी राहून वाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या घरी आली. बाबा ओट्यावर दाढी करत होते. तिनं त्यांना "काका, जय भीम" केला, आत आली आणि पत्रक माझ्यासमोर ठेवलं.

"वाचलं मी. दोनदा. लिहितं मात्र तू झकास."

"खरं लिहिलं."

"चहाचं पाहलं होतं काय तू?"

मी पत्रकाची घडी घालू लागले.

"पाहलं होतं काय, विचारून राह्यली मी."

"नाही."

"मंग?" ती खाली बसली. रागावलेली असती तर मला सोपं गेलं असतं. "जळून राह्यली तू. सातवीपासून जळून राह्यली. मले मालूम हाये. जळ. पण माह्यावर जळता जळता पोट्ट्याईची जागा काहून घालवली?"

"मी घालवली? मी? खोली तू घेतली!"

"तुमाले भेटणारच नव्हती ते. मी अर्ज केला नसता तरी नव्हती भेटत. तुमच्या संस्थेचा उतारा काढून पाहलाय काय कधी? त्या साहेबानं काढला. आबा अध्यक्ष हायेत त्यात."

"मग? आहेतच."

ती हळूच म्हणाली, "बाई, आबाले जाऊन नऊ वर्सं झाली."

मी तिला घालवून दिलं. "माझ्या घरात येऊन आबांबद्दल बोलू नको" असलं काहीतरी ओरडले. पण दोन दिवसांनी मीच वाशिमला धर्मादाय कार्यालयात उभी होते, इतिवृत्ताच्या वह्या घेऊन. तिचं म्हणणं खोटं ठरवायचं होतं, दुसरं काही नाही.

तिथले बाबू निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी उतारा दिला. सात नावं, आमच्या पाटीवर होती तशीच, त्याच क्रमानं. मग त्यांनी माझी वही उघडली. दोन पानं वाचली, चष्मा खाली ओढला आणि पुन्हा वाचली.

"हे अध्यक्ष कालकथित म्हणजे हयात नाहीत ना?"

"नाहीत."

"मग सभा कोणाच्या अध्यक्षतेखाली झाली?"

"प्रतिमेच्या."

"एकच सभा की..."

"नऊ वर्षांतल्या सगळ्या."

त्यांनी पान उलटलं. "उपस्थिती सात. यात प्रतिमा किती?"

"चार."

"ठरावाला कधी विरोध केला काय त्याईनं?"

मला हसू आलं नाही. त्यांनाही फार आलं नाही. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि अगदी लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. विश्वस्त गेला, सोडून गेला, नवा आला, काहीही झालं की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. नव्या माणसाच्या नावाचा ठराव, गेलेल्याचा मृत्यूचा दाखला, उरलेल्यांच्या सह्या. उशीर झाला तर तो माफ करावा म्हणून वेगळा अर्ज. तो मंजूर होईपर्यंत कागदावर संस्था चालवणारे तेच सात. म्हणजे बँकेत खातं उघडायला चार मेलेल्या माणसांनी यायचं. आयकर खात्याकडं अर्ज करायचा तर त्यावर सही आबांनी करायची. "ताई, तुमची संस्था बंद नाही," ते म्हणाले, "पण तिच्यावर सही करणारं माणूस नाही. तुम्ही तर यात कुठंच नाही."

मी कुठंच नाही. सहा वर्षं रोज सकाळी ज्या खोलीचं कुलूप मी उघडत होते, तिच्या कागदावर मी नव्हते. परतीच्या एसटीत मला पहिल्यांदा वाटलं की तिच्या त्या रंगीत चिठ्ठ्यांत तिच्या संस्थेतल्या प्रत्येक बाईचं नाव आहे.

आता चार नावं कमी करायची, चार नवी घालायची, तर उरलेल्या तिघांची सभा हवी. इतर दोघं तयार झाले. बाबा झाले नाहीत.

"आबाचं नाव मी कमी करणार नाई."

"बाबा, अर्जच तसा आहे."

"अर्ज गेला खड्ड्यात. ज्या माणसानं संस्था उभी केली, त्याचा मृत्यूचा दाखला जोडून मी सही करू? कायले? उद्या दुसऱ्या कंपनीच्या खोलीसाठी?"

"बावीस मुलींसाठी."

"तुयं पत्रक वाचलं मी. त्यात तर तू कंपनीले शिव्या देल्या."

मी तत्त्वं सांगितली, कायदा सांगितला, आवाज चढवला. बाबांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, मी तो त्यांच्याकडूनच घेतला आहे. पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी फक्त मीठ कुठं आहे एवढंच बोललो.

मग ती आली. मी बोलावलं नव्हतं. बाबांसाठी हळदीचं पाकीट घेऊन आली आणि ओट्यावर त्यांच्याजवळ बसली. मी दारामागं भांडी घासत होते.

"काका, एक विचारू? आबा पोस्टात असताना, ज्याच्या नावानं पत्र आलं तो माणूस मेलेला असला तर ते काय करत?"

"काय करन? मयत लिहून वापस पाठवे."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. आबाचं काम लय चोख. एकदा त्याईच्या सख्ख्या भावाच्या नावानं मनीऑर्डर आली. भाऊ जाऊन आठ दिवस झाले होते. घरात अडचण होती, भावजय म्हणे सही मीच ठोकतो. आबानं फॉर्मवर मयत लिहिलं अन् वापस पाठवली. मीच होतो तिथी."

"मंग आबाच्या नावानं तुमी नऊ वर्सं हजेरी काहून लावून राह्यले, काका?"

रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, त्या संपेपर्यंत बाबा बसले. मग आत आले, माझ्याकडं न पाहता ट्रंकेतून सदरा काढून घातला आणि आबांच्या मुलाकडून मृत्यूचा दाखला आणायला चप्पल घालून निघाले.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. सहा वर्षं ज्या आबांच्या फोटोसमोर मी मेणबत्ती लावली, त्यांचं पोस्टातलं काम मला एकदाही आठवलं नाही आणि हिला आठवलं. माझ्या बाबांना काय बोलायचं हे माझ्याऐवजी तिला कळलं. मी एक पातेलं इतकं घासलं की त्याची कल्हई गेली.

सभा झाली. खुर्चीवर बाबा बसले, फोटो भिंतीवर राहिला. वंदना झाली. बाबांनी इतिवृत्तात लिहिलं, "उपस्थिती तीन." त्यांचं अक्षर त्या दिवशी बिघडलं. नव्या चार नावांत एक माझं होतं, तीन अभ्यासिकेतून नोकरीला लागलेल्या मुलींची.

पुढच्या बाजारी मी दुसरं पत्रक वाटलं. त्यात लिहिलं, की चहाचं वाक्य खोटं होतं, मी ते पाहिलं नव्हतं, खोली आमच्या कागदांमुळं गेली. पहिलं पत्रक लोकांनी मिटक्या मारत वाचलं होतं. हे घेऊन काहींनी त्यात मिरच्या बांधल्या. तिनंही एक घेतलं, उभ्या उभ्या वाचलं.

"एवढ्यासाठी झेरॉक्सचे पैसे घातले? फोन केला असता तरी चाललं असतं ना."

"जाहीर लिहिलं होतं, म्हणून जाहीर."

"तू काही सुधरत नाई बाप्पा," असं म्हणून ती पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवून गेली. कोणत्या रंगाच्या चिठ्ठीखाली लावलं असेल कोण जाणे.

दिवाळीआधी खोली रिकामी केली. कपाटं आमच्या घरी आली, मुली कुठं जाणार हा प्रश्न तसाच. कंपनीनं बांधलेली तिची नवी खोली तयार होती, पांढरी, मोठ्या खिडक्यांची. मी तिच्या दारात गेले. या दोन पावलांइतकं लांब मी कधी चालले नाही.

"मशिनी अकराले चालू होतात," माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ती म्हणाली. "सकाळी सातपासून बसवजो मुली. हे चावी घे. फक्त हजेरीवर रोज सह्या पायजेत."

"सह्या कायले?"

"मले दाखवा लागते ना वर."

चावी तिच्या टेबलावर परत ठेवायची इच्छा झाली. तशीच घट्ट धरून घरी आले.

तिच्या यंदाच्या अहवालात एक नवं पान आहे. "अभ्यासिका: बावीस लाभार्थी." सोबत फोटो, माझ्या मुली, तिच्या खिडकीखाली, तिच्या एकाच रंगाच्या खुर्च्यांवर. एकीची पोलीस भरतीत निवड झाली, तेव्हा पेढे आधी तिला दिले गेले, कारण सकाळी दारात ती भेटली. ती मुलगी मला नंतर भेटली आणि खूप रडली, पाया पडली. तरी पेढे आधी तिला दिले गेले हे मी विसरलेले नाही. मला अजून हेवा वाटतो. आज सकाळी तिथं कुलूप उघडतानाही वाटला.

आमचा बदल अर्ज उशीरमाफीच्या अर्जासह कार्यालयात आहे. दोन तारखा झाल्या. प्रत्येक तारखेला बाबा पांढरा सदरा घालून माझ्याबरोबर येतात. तो मंजूर झाला की खातं, मग ऑडिट, मग आयकराच्या नोंदण्या, मग कुठं प्लॉटवरच्या बाभळी तोडायच्या. तोवर आमच्या मुली दुसऱ्याच्या खोलीत, अकराच्या आत वह्या आवरून उठतात. हे सगळं नव्वद दिवसांत एका अर्जानं वाचलं असतं.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या गावात वाचनालय, विहार, मंदिर, महिला मंडळ, तालीम, काहीतरी नोंदलेलं असेलच. त्याचा नोंदणी क्रमांक पाटीवर किंवा जुन्या पावतीवर असतो. तो लिहून घ्या. या सोमवारी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जाऊन त्या क्रमांकाच्या नोंदवहीचा ताजा उतारा मागा. त्यातली नावं एकेक करून मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक नावापुढं लिहा, हा माणूस आज सही करू शकतो की नाही. एक जरी नाव अडलं, तर त्याच आठवड्यात सभा बोलवा, ठराव करा आणि बदल अर्ज द्या. आणि तुम्ही स्वतः लोणची, मसाले, चादरी काही विकत असाल, जीएसटीचा नंबर घेतला असेल, तर विक्री झाली नाही त्या महिन्याचंही रिटर्न भरा. सोमवारी सुट्टी असेल तर मंगळवारी जा, पण जा.